निळीच्या रांजणावरून आपला वाद

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून काल सकाळपर्यंत मी परसातल्या रांजणाकडे पाठ करून बसत होते. माझ्या खोलीचं दार परसात उघडतं आणि दारासमोरच रांजण, तेव्हा त्याच्याकडे पाठ करायची म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसायचं. शाळेत मी मुलींना ही शिक्षा देते. तिचा काही उपयोग होत नाही हे आता कळलं. भिंतीकडे तोंड केलं की माणसाला मागचंच सगळं दिसत राहतं.

तुम्ही त्या रांजणात पाण्याची बाग करायला घेतलीत त्याच दिवशी मी म्हटलं होतं की साचल्या पाण्यात डास होतात आणि डासांनी हिवताप होतो. तुम्ही म्हणालात, "माझ्या पाण्यात न्हाय व्हायचे." हा वाद आपण वर्षानुवर्षं चालवला. तांदूळ निवडताना चालवला, पापड वाळत घालताना चालवला, अण्णाच्या मागाच्या खडखडाटात एकमेकींना ऐकू येत नसतानाही चालवला. मग तुम्हालाच हिवताप झाला आणि तुम्ही गेलात. वादातलं एक माणूस असं मधेच उठून गेलं की मागे उरलेलं जिंकल्यासारखं दिसतं. मला हे जिंकणं नको आहे. रांजणात अळ्या सापडल्या तर मी जिंकेन, एवढ्याच भीतीनं मी भिंत पाहत बसले होते.

तुमच्यासाठी महिला समाजात दुखवट्याची सभा झाली. मी गेले होते. पेठेतल्या रावसाहेबांच्या पत्नी अध्यक्ष होत्या. त्यांनी तुम्हाला गृहलक्ष्मी म्हटलं, त्यागमूर्ती म्हटलं, आणि भाषणभर सावित्रीबाई म्हटलं. तुमचं नाव शेवंता. मी दुरुस्त करायला उठणार होते, पण शेजारच्या बाईंनी पदर ओढून खाली बसवलं. "राहू द्या हो, भाव महत्त्वाचा." एखाद्या पुतळ्याखाली चुकीचं नाव कोरलं असतं तरी त्या हेच म्हणाल्या असत्या. तुम्ही असतात तर तोंडात पदर धरून हसला असता, आणि घरी आल्यावर आठवडाभर स्वतःला सावित्रीबाई म्हणवून घेतलं असतंत.

नवरा गेल्यावर मी भावाकडे, अण्णाकडे, परत आले ती एक ट्रंक कपडे आणि दोन ट्रंका पुस्तकं घेऊन. तुम्ही तेव्हा नव्या नव्हता, पण जुन्याही नव्हता. माझ्या या मागच्या खोलीत तेव्हा तुमचं माहेरचं सामान होतं. मी दारात उभी असतानाच तुम्ही ते बाहेर ओढायला लागलात. मी म्हटलं, "राहू द्या वहिनी, मी कुठेही निजेन." तुम्ही वर न बघताच म्हणालात, "तुमी निजाल वन्सं, पर पुस्तकं कुटं निजवायची?" त्यावर मी रडायचं ठरवलं होतं ते राहूनच गेलं. याचे आभार मी तुम्हाला कधी मानले नाहीत. आपल्या घरात आभार मानले की माणूस विचारतं, काय पाहिजे बोल.

रांजणाचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं ते कारंज्यावरून. त्याच रावसाहेबांनी दवाखान्यासमोर दगडी कारंजं बांधलं, खालच्या कुंडात कुमुदं सोडली आणि उद्घाटनाला मोठ्या साहेबाला बोलावलं. शाळेच्या मुली गाणं म्हणायला नेल्या होत्या म्हणून मी होते, आणि तुम्ही आपल्या पोत्यात सूत घेऊन बाजारातून येता येता थांबला होता. साहेबानं कळ फिरवली, कारंजं उडालं, टाळ्या पडल्या. मग तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणालात, "वन्सं, मागं बघा की." मागे भिंतीआड चार माणसं शिडीवर उभी राहून वरच्या टाकीत घागरी रिकाम्या करत होती. साहेब चहाला वळला आणि घागरी थांबल्या. कारंज्यानं एक उसासा टाकला आणि ते बंद पडलं ते कायमचं. तुम्ही मात्र त्या कुंडातल्या पानांकडे बघत राहिलात. पाण्यावर पसरलेली, थाळीएवढी, वर एकही थेंब न ठरणारी पानं.

"असलं आपल्या परड्यात पाहिजे," तुम्ही म्हणालात. "साहेब नको."

परसात आमच्या वडिलांचा निळीचा रांजण होता. अर्धा जमिनीत पुरलेला, तोंड इतकं रुंद की दोघीजणी समोरासमोर बसून त्यात हात घालू शकतील. वडील त्यात सूत निळं करायचे. पुढे पुडीतले रंग आले आणि रांजण रिकामा पडला. तुम्ही तो झाडलात, पाणी भरलंत, माहेरी येळ्ळूरला जाऊन तळ्यातला कुमुदाचा गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळून आणलात, भाताच्या खाचरातून ओंजळभर मासे आणलेत आणि सगळं एकाच दिवशी आत सोडलंत. मी म्हटलं, हे कमळ नव्हे, कुमुद. तुम्ही म्हणालात, "तुमी कुमुद म्हणा, आमी कमळ म्हणतो. त्याला काय हाक मारून जेवाय बोलवायचंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी मासे पोटं वर करून तरंगत होते. पानांच्या कडा भाजल्यासारख्या वळल्या होत्या.

ही चूक विणकरांच्याच घरात होऊ शकते. रांजणाच्या आतल्या अंगाला चुन्याचा जाड पापुद्रा बसला होता. निळीला चुना लागतोच, त्यामुळे आपल्या घरात त्याला कुणी घाण समजत नाही. तुम्ही तो मुद्दाम ठेवला होता, पाणी स्वच्छ राहील म्हणून. मीही काही बोलले नव्हते. माझ्या पुस्तकांत फुलांवर पुष्कळ होतं, रांजणावर काही नव्हतं. चुना पाण्यात उतरला आणि त्यानं सगळ्यांना भाजून काढलं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मेलेले मासे शेवग्याच्या बुडाशी पुरताना म्हणालात, "मी त्यास्नी माहेरासनं आणलं आन् मारलं."

मी तेव्हा म्हटलं, झालं, आता सोडा हा नाद. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही आज लिहायला हरकत नाही.

तुम्ही सोडला नाहीत. नारळाच्या काथ्यानं रांजण घासलात, चिंचेचं पाणी भरून ठेवलंत, ओतून टाकलंत, पुन्हा भरलंत. आपण दोघींनी मिळून ते पाणी गटारात किती वेळा ओतलं त्याची मोजदाद नाही. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय गं शेवंते, नवं बाळ न्हाऊ घालतीयास काय?" मग तुम्ही एकदम काही आत सोडलं नाहीत. आधी नुसतं मूठभर पाणशेवाळ सोडलंत आणि ते हिरवं राहतंय का बघत राहिलात. ते हिरवं राहिल्यावर गड्डा. गड्ड्यासाठी फुटक्या घागरीचं बूड घेतलंत, त्यात तळ्याचा काळा चिखल. तुम्ही शेणखत मिसळायला निघालात तेव्हा मी हात धरला, कारण शेण पाण्यात कुजलं की पाणी नासतं हे मी खरोखर वाचलं होतं; आणि तुम्ही ऐकलंत, कारण मासे दुसऱ्यांदा पुरायची तुमची तयारी नव्हती. चिखलावर वाळू आणि खडे, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. ते बूड आधी विटांवर ठेवलंत, पानं पाण्याशी आली तशी एकेक वीट काढून खाली उतरवत गेलात. मासे सगळ्यात शेवटी. कपाळावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका असलेले, बोटाच्या पेराएवढे.

"आता बघा," तुम्ही म्हणालात, "तुमच्या डासांची पोरं ह्यांचं जेवाण."

हे खरं होतं. तेही मी वाचलं होतं, पण तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण वादात दुसऱ्या बाजूचा पुरावा आपण होऊन देत नाही.

पहिलं फूल आलं तेव्हा तुम्ही सगळे माग बंद करायला लावले. अण्णा कुरकुरत आला, धोतराला खळ लागलेली, बघून म्हणाला, "बरं हाय." अण्णाच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही, साडी पसंत पडली तरी तो "चालंल" म्हणतो. आपलं फूल रात्री उमलायचं आणि सकाळी उन्हं वर आली की मिटायचं. मी म्हटलं, कुमुद चंद्राला उमलतं असं कवी म्हणतात ते खरं आहे. तुम्ही म्हणालात, "मग कवी पहाटं उठत असतील. तुमच्या अण्णांसारखं न्हवं."

आणि तरीही मी भीत राहिले. दर पावसाळ्यानंतर नगरपालिकेचं डासांवरचं पत्रक शाळेत येई, आणि मी ते घरी आणून तुम्हाला वाचून दाखवी. तुम्ही भाकरी थापत ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "वन्सं, तुमी लई वाचतासा म्हणून लई भितासा." मी म्हणायचे, तुम्ही काही वाचत नाही म्हणून भीत नाही. हे बोलणं माझं मला आवडलं नव्हतं, पण तुम्ही ते मनावर घेतलं नाहीत. दर आठवड्याला तुम्ही पदर खोचून पिवळी पानं काढायचा, जास्तीची हिरवीही काढायचा. "पाण्याचं तोंड उघडं पाहिजे," म्हणायचा. मला वाटे, शोभेसाठी.

यंदा भाद्रपद संपता संपता तुम्ही नंदगडला बहिणीकडे गेलात, तिच्या सुनेच्या डोहाळेजेवणाला. परत आलात ती हसत, बांगड्या भरून, तारीसाठी अंगडं-टोपडं शिवायचं कापड घेऊन. तारी, तुमची लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला नुकतीच माहेरी आली होती. मग एका दुपारी तुम्हाला हुडहुडी भरली. तीन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते. संध्याकाळी घाम आला, उतरला, दुसऱ्या दिवशी तुम्ही चुलीपुढं. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा हुडहुडी. डॉक्टर म्हणाले, एकाआड एक, हिवतापच. कोयनेल लागेल.

कोयनेल नव्हतं. ते ज्या सालीपासून करतात ती यायची जावा बेटातून; ते बेट जपान्यांनी घेतलं आणि शहापुरातल्या पोस्टात मिळणाऱ्या पुड्या संपल्या. मी इतकी वर्षं भूगोल शिकवते. नकाशावरचं एक हिरवं बेट असं आपल्या माजघरात येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं. अण्णा कोल्हापूरपर्यंत जाऊन आला. एका दुकानातून पांढरी पूड आणली, ती पिठाची निघाली. डॉक्टरांनी कुठूनतरी थोडं मिळवलं तोवर ताप डोक्यात चढायला लागला होता.

मधल्या एका बऱ्या दिवशी तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. तारी पाय चेपत होती. परसाचं दार उघडं होतं, रांजणावर ऊन पडलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, डोळे आत गेलेले, पण त्यांतला तो मिस्कीलपणा तसाच.

"वन्सं, मी मेलो तर तुमी जिकलासा बघा."

तारी ओरडली, "आई, गप की!" तुम्ही हसलात. मी नुसती उठून पाणी आणायला गेले. पाणी घेऊन आले तोवर तुम्ही डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी ताप आला तो उतरलाच नाही.

दहाव्याला अण्णा आणि भाऊबंद पिंड ठेवून उभे राहिले, कावळा शिवेना. अण्णानं परत आल्यावर सांगितलं. त्यानं आधी म्हटलं, माग विकणार नाही. कावळा आला नाही. मग म्हटलं, तुझ्या वन्संला काही कमी पडू देणार नाही. कावळा फांदीवरून हललासुद्धा नाही. ते मी मनाला फार लावून घेतलेलं नाही. शेवटी अण्णा म्हणाला, "तारीला काय हू देणार न्हाय." आणि कावळा उतरला. माझं मत असं की तेव्हाच भाऊबंदांनी छत्र्या मिटल्या असाव्यात. पण अण्णानं तो तुमचा निरोप समजला. तारीला काही होऊ द्यायचं नाही. आणि तारी तर रोज तिन्हीसांजेला, डासांच्या ऐन वेळेला, तुमच्यासारखीच रांजणाच्या काठावर जाऊन बसायला बघते. सातव्या-आठव्या महिन्यातली बाई. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अशा बाईला हिवताप झाला तर दोन जीव जातात. त्यांनी ते हळू सांगितलं. मोठ्यानं सांगितलं असतं तर कमी भीती वाटली असती.

काल सकाळी अण्णा पहार घेऊन परसात आला. मी शाळेला निघाले होते.

"काय करतोस?"

"फोडतो."

तारी आतून आली. तिला पटकन चालवत नाही, पण आली, आणि रांजणाला पाठ लावून उभी राहिली. "आप्पा, आईचा रांजण फोडलासा तर मी आजच्या आज सासरी जाते."

"जा की. जगशील तरी तिकडं."

"आईनं हातानं लावलंय ते."

"त्यानंच गेली ती!" अण्णा ओरडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो ओरडत नाही, पुटपुटतो. "हीच तुझी आत्या घसा फोडून सांगत हुती. हिनं सांगितलं, कुणी ऐकलं न्हाय."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. एक माझ्या तोंडून 'होय' ऐकायला उभा, एक 'नाही' ऐकायला. इतकी वर्षं मी या घरात मत देत आले, कुणी विचारलं नाही तरी. आणि काल, विचारलं तेव्हा, मला काही माहीत नव्हतं. तो डास इथला होता का? नंदगडच्या रानातला होता? गटारातला? रावसाहेबांच्या त्या कारंज्याच्या कुंडात हिरवं पाणी साचलंय, त्यातला? रात्र-रात्र मी असे आरोपी वाढवत बसते, तुमच्या रांजणाची गर्दीत ओळख पटू नये म्हणून.

"थांब अण्णा," मी म्हटलं. "आधी बघू तरी."

"काय बघायचंय? माणूस गेलं की."

"तरी बघू."

मी आतून चिनी मातीची पांढरी बशी आणली. पत्रकात लिहिलंय, अळ्या पांढऱ्यावर दिसतात. पदर खोचला. गुडघे टेकले. वहिनी, त्या पाण्यात बघायला मी जितकी भ्याले तितकी तुमच्या तोंडावरचं वस्त्र काढतानाही भ्याले नव्हते. तेव्हा काय दिसणार ते ठाऊक होतं.

पानांनी तोंड पार झाकलं होतं. तुम्ही पडलात तेव्हापासून कुणी एकही काढलं नव्हतं. एकावर एक चढली होती, मधेच तेवढी भाकरीएवढी जागा उघडी. तिथं बशी बुडवली. स्वच्छ. पुन्हा बुडवली. स्वच्छ. चांदीच्या टिकल्या सावलीखालून वर आल्या, बशीला तोंड लावून गेल्या. तारीनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी तिथंच उठायला हवं होतं. पण मी शिक्षिका आहे. अर्धा पेपर तपासून गुण देत नाही. कडेला, जिथं पानं रांजणाला चिकटून दाट झाली होती आणि मासा शिरू शकत नव्हता, तिथली पानं उचलून बशी घातली.

बशीत दोन-चार बारीक काड्या वळवळल्या.

"मिळाल्या न्हवं?" अण्णा वरून म्हणाला. माझ्या मानेवरूनच कळलं असावं.

"होय."

पत्रकात चित्र आहे: हिवतापाच्या डासाची अळी पाण्याला समांतर पडते, दुसरी डोकं खाली करून लोंबते. एवढं एक पाहिलं की कळलं असतं. मी बशी स्थिर धरायला बघत होते, पण पाणी थांबेना, अळ्या कधी आडव्या, कधी उभ्या. मी म्हणत होते, जरा थांबा, जरा थांबा. तारी खाली बसली, जड अंगानं, हळूच. तिनं माझ्या हातातून बशी घेतली आणि मधल्या उघड्या पाण्यात उपडी केली. टिकल्या झेपावल्या. डोळ्याचं पातं लवलं तोवर काही उरलं नव्हतं.

"तारे, अगं बघू तरी द्यायचंस!"

"काय बघायचं आत्या? आईचं मासं खात्यात, बघितलं न्हवं?"

झालं. आपल्या वादाचा एकमेव पुरावा माशांनी गिळला. आता खरं काय ते कधीच कळणार नाही.

मी तिथंच बसले आणि पानं काढायला लागले. पिवळी, मग जास्तीची हिरवी, देठ पाण्याखालून खेचून, तुम्ही खेचायचा तशी. तुम्ही पाण्याचं तोंड उघडं का ठेवायचा ते तेव्हा समजलं. शोभेचा संबंध नव्हता, माशांना कडेपर्यंत जायला वाट हवी. म्हणजे तुम्हीही भीत होता, वहिनी. फक्त तुम्ही भीती वाचून दाखवत नव्हता. दर आठवड्याला तिची पानं काढत होता. हे तुम्ही एकदा बोलला असता तर आपला निम्मा वाद मिटला असता. पण मग आपण बोललो काय असतो?

अण्णा पहार टेकून उभा होता. काढलेल्या पानांचा ढीग झाला, मासे कडेनं फिरायला लागले, तेव्हा त्यानं पहार भिंतीला लावली. आत नेली नाही, भिंतीला लावली.

"मला ह्यातलं काय कळंना," तो म्हणाला. "तू बघ रोज. पर तारीला नुसती कणकण आली तरी मी कुणाला इचारणार न्हाय."

पहार अजून तिथंच आहे. मी ही ओळ लिहिताना दारातून दिसते.

मी अण्णाला चूक म्हणत नाही. तुमच्या बाजूनं बोलायला आता कुणी उरलं नाही, म्हणून तुमची बाजू मी मांडते, आणि माझी तर मला पाठच आहे. दिवसभर दोन्ही चालू असतात. तुम्ही म्हणता, मासे आहेत. मी म्हणते, दोन-चार तरी होत्याच की. तुम्ही म्हणता, त्या मी पडल्यानंतरच्या. मी म्हणते, कशावरून? तुम्ही नंदगड म्हणता, मी रांजण म्हणते. काल शाळेत नकाशापुढे उभी असताना मी मोठ्यानं "कशावरून?" म्हटलं आणि मुली चपापल्या. तारीला अजून महिना दीड महिना काढायचा आहे. तिन्हीसांजेला मी तिला आत घेते, दारं लावते, कडुनिंबाची धुरी करते, ती खोकते, चिडते, म्हणते, आत्या, डासाआधी तुमीच मारणार मला. मी म्हणते, मार खा पण आत बस. रात्री तिच्या खोलीतून वाकळ ओढल्याचा नुसता आवाज आला तरी मी उठून बसते: थंडी वाजली का? का वाजली?

तुमच्या त्या बोलण्याला मी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर हे: मी जिंकले नाही. तुम्ही पुन्हा एकदा बोलला असता तर मी हे सांगितलंही असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, मग मी कशाला मेलो.

आज सकाळी तारीनं परसातून हाक मारली. "आत्या, या की लवकर, आईचं कमळ आलंया. मिटंल आता!"

मी बशी घेऊन गेले. आधी कडेच्या पानांखाली पाहिलं. मग तारीच्या कपाळाला उलटा हात लावला, गार होतं. मग कमळ पाहिलं.